माझ्या गेममध्ये शेळी नाही

९ ऑक्टोबर २००८, दसरा. सकाळी ९.

कर्नाटकाच्या सरहद्दीवरच्या आमच्या खजुरीच्या इतिहासात आजची तारीख कोणीतरी लिहून ठेवायला हवी. गावात दुसरं कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून मीच ठेवतो आहे.

आज माझा 'रानवीर' हा मोबाइल गेम बाजारात येतो आहे. भारतातला पहिला मेंढपाळी ॲडव्हेंचर गेम. जगातलाही पहिला असेल, पण दसऱ्यामुळे तालुक्याचा, म्हणजे आळंदचा इंटरनेट कॅफे बंद आहे, खात्री करता आली नाही.

चौदा महिने लागले. पुण्याची नोकरी सोडली ती याच्यासाठी. तिथे माझं काम म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या गेमची बटणं दाबून बघणं. माझ्यासारख्याची तिथे काय किंमत होणार! कंपनीनेही मला काढलं होतं, पण मनातून मी तिला आधीच काढून टाकलं होतं.

कथा: रानवीर नावाचा शूर मेंढपाळ. सत्तर मेंढ्या. सात लेव्हल. पहिल्या लेव्हलला माळ, दुसरीला ओढा, मग दरोडेखोर, हडळ वगैरे. शेवटी हिरवं रान. रानवीरच्या तोंडी २१२ ओळींचे संवाद आहेत. सगळे मी लिहिलेले.

अप्पांशी करार झाला. अप्पा म्हणजे माझे वडील, लिंगाप्पा. बेचाळीस मेंढ्या, चार शेळ्या आणि दोन दुखरे गुडघे एवढी त्यांची इस्टेट. मला 'रानवीर भाग दोन' काढायला आणि कंपनी उघडायला भांडवल हवं आहे. मी म्हटलं, कळप विका. अप्पांनी काठी जवळ ओढून घेतली. मग म्हणाले, "येळामावशेपतोर जनाला तुझा खेळ आवडला तर इकतो. न्हाई आवडला तर तू मेंढरामागं यायचं. माझं गुडघं ऱ्हायलं न्हाईत."

येळामावस्या सत्तावीस डिसेंबरला आहे. त्या दिवशी अख्खा मुलूख शेतात जेवायला जातो, म्हणजे विजयोत्सवाचा मंडप वेगळा घालायला नको. मी हसत हसत शब्द दिला.

संध्याकाळी ६.

आळंदच्या बसस्टँडसमोर रत्नपालचं मोबाइलचं दुकान आहे. लोकांच्या मेमरी कार्डात गाणी भरून देतो. त्याच्याकडे 'रानवीर' दहा रुपयांत ठेवला आहे. पहिल्याच दिवशी तीन प्रती गेल्या. एक मी घेतली, एक बायकोला घ्यायला लावली, आणि तिसऱ्या गिऱ्हाइकाला द्यायला रत्नपालकडे सुट्टे दहा रुपये नव्हते.

सुरुवात दमदार.

१२ ऑक्टोबर

संकल्प: १) रोज पाचला उठणे. २) रोज दहा गावांत प्रचार. ३) टीकेने विचलित न होणे. ४) यशाने तर मुळीच न होणे.

आठला उठलो. करंट नव्हता.

रूपाने पोस्टर टाइप करून आणलं. रूपा माझी बायको. आळंदला झेरॉक्सच्या दुकानात लग्नपत्रिका आणि पहाणीचे (म्हणजे सातबाऱ्याचे) अर्ज टाइप करते. सध्या घर तिच्या पगारावर चालतं. ही तात्पुरती व्यवस्था आहे, गेले चौदा महिने. पोस्टरवर मी 'एका मेंढपाळाची महागाथा' लिहायला सांगितलं होतं. तिने त्याखाली 'पाच नंबरचं बटण दाबा' असं स्वतःच्या मनाने घातलं. मी ते काढायला लावलं. महागाथेत बटणं सांगत नसतात.

ती म्हणाली, ओढ्यावर पाच दाबायचं असतं हे रानवीर अडतिसाव्या ओळीला सांगतो, तिथपर्यंत कोण वाचणार? मी म्हटलं, ज्याची पात्रता असेल तो वाचेल.

१५ ऑक्टोबर. दुपारी २.

आज अप्पांनी गेम खेळला. हा प्रसंग सविस्तर लिहायला हवा.

त्यांना रूपाचा मोबाइल दिला. पहिली लेव्हल झाली. ओढ्याची दुसरी लेव्हल आली. त्यानंतर अप्पा एक तास हलले नाहीत. एकही बटण दाबलं नाही. नुसते स्क्रीनकडे बघत होते. आयुष्य रानात काढलेला माणूस स्वतःचं आयुष्य पडद्यावर बघून थिजतो, हा अनुभव पुण्यातल्या किती कंपन्यांनी दिलाय?

शेवटी बॅटरी संपली. मी कौतुकाची वाट बघत उभा. अप्पांनी विचारलं, "शेळी कुठाय?"

मी म्हटलं, कसली शेळी? त्यावर ते म्हणाले, "कळपात शेळी कामून न्हाई? पान्यात म्होरं कोन उतरल? मेंढरू मेंढराच्या मागं जातं. म्होरं शेळी लागती. शेळी उतरली की समदी उतरत्यात. ह्यात शेळी न्हाई, मी वाट बघायलो, मागनं यील म्हनून."

एक तास!

मी समजावलं, की हा गेम आहे. इथे पाच दाबलं की रानवीर शीळ घालतो, मेंढ्या उतरतात. अप्पा म्हणाले, "मग त्यो मेंढपाळ न्हाई, शिट्टीवाला हाय." आणि गेले उठून.

साध्या प्रेक्षकाला प्रतीकं कळायला वेळ लागतो.

१९ ऑक्टोबर

सिद्धप्पामामा आणि शेजारच्या निंबर्ग्याचे तीन मेंढपाळ घरी आले होते. चौघांना चार मोबाइलवर गेम लावून दिला. चौघेही ओढ्यावर जाऊन बसले. चौघांनी शेळी शोधली. सिद्धप्पामामांनी तर मोबाइल आडवा करून बघितला, कडेला कुठे राहिली असेल म्हणून.

एक गोष्ट नोंदवण्यासारखी: चौघांपैकी कोणीही गेम बंद केला नाही. इंग्रजीत याला ॲडिक्टिव्ह म्हणतात.

रूपाला हे सांगितलं. तीही निंबर्ग्याची, दहावीपर्यंत बापाच्या मेंढ्यांमागे होती. ती म्हणाली, "अहो, एक शेळी घाला की. चित्रच तर बदलायचं हाय." मी तिला शांतपणे सांगितलं, की कलाकृती म्हणजे भजीची गाडी नव्हे, गिऱ्हाईक मागेल ते तळून द्यायला. मेंढपाळाचं रक्त माझ्याही अंगात आहे. (मी लहानपणापासून गुलबर्ग्याच्या होस्टेलात होतो, पण रक्त होस्टेलात बदलत नाही.)

२४ ऑक्टोबर

समीक्षा आली! पुण्याच्या एका गेमिंग वेबसाइटवर. मी त्यांना सोळा मेल पाठवले होते. अखेर दखल घ्यावी लागली.

पाचपैकी दीड स्टार. अर्धा स्टार देणारा समीक्षक बारकाईने विचार करणारा असतो, उगाच पूर्ण देऊन मोकळा होत नाही.

महत्त्वाची वाक्यं उतरवून ठेवतो.

'हा गेम संपला तेव्हा मला फार हायसं वाटलं.' थोर कलाकृतीनंतर माणसाला मोकळं वाटतंच.

'नायक मेंढ्यांशी जितकं बोलतो, तितकं मी गेल्या वर्षभरात घरच्यांशी बोललो नाही.' बिचारा. गेमने त्याला आत बघायला लावलं.

'दुसऱ्या लेव्हलला मी तीन वेळा झोपलो.' हे जरा व्यक्तिगत वाटलं.

रूपाकडून मोठ्या अक्षरांत 'हायसं वाटलं! पुण्याच्या समीक्षकाची कबुली' असं टाइप करून घेतलं आणि रत्नपालच्या दुकानात लावलं. रत्नपालने विचारलं, हे मूळव्याधीच्या औषधाचं आहे का? त्याला विनोदाची वाईट सवय आहे.

२८ ऑक्टोबर, दिवाळी

एकूण विक्री अकरा. त्यातले चार परत आले. रत्नपालने त्यांना त्याच दहा रुपयांत गाणी भरून दिली. म्हणजे निव्वळ सात. पण सात हा शुभ अंक आहे आणि गेममध्येही सातच लेव्हल आहेत.

रत्नपालचं म्हणणं, "भीमण्णा, मानसं गेमला नावं ठिवीत न्हाईत. शेळी इचारायलेत. शेळी घाल आन् बडबड कमी कर, मी लावून इकतो." रत्नपाल शिकलेला आहे, बी.कॉम. आहे, बुद्धविहारात वाचनालय चालवतो. अशा माणसाने बाजाराची भाषा बोलावी याचं वाईट वाटलं.

रूपाने गेमची मूळ फाइल पेन ड्राइव्हमध्ये मागून घेतली. दुकानातल्या कॉम्प्युटरवर ठेवते म्हणाली. बायको नवऱ्याचं काम कामाच्या ठिकाणी जवळ बाळगू इच्छिते, यापेक्षा मोठी दाद कोणती? तिने विचारलं, चित्रं एका फोल्डरमध्ये आणि संवाद दुसऱ्या फाइलमध्ये असतात का? मी म्हटलं, हो, पण तुला त्यातलं काही कळणार नाही. पासवर्डही दिला. आमच्यात लपवाछपवी नाही.

३ नोव्हेंबर

पाचला उठण्याचा संकल्प नव्याने. सहाचा केला आहे. वास्तववाद.

'भाग दोन'ची कथा सुचली. रानवीर समुद्रापार जातो. संवाद ४०० ओळी. कळप विकल्यावर ऑफिस गुलबर्ग्यात घ्यावं की पुण्यात? गुलबर्गा. पुण्याला माझी आठवण येऊ दे जरा.

अप्पा हल्ली मेंढ्यांजवळ जास्त बसतात. एकेकीच्या पाठीवरून हात फिरवतात. व्यवहाराआधी माल तपासून ठेवणं, हा चांगला गुण आहे.

१४ नोव्हेंबर. सकाळी ११.

आळंदहून परतताना बसमध्ये कंडक्टरच्या मोबाइलवर 'रानवीर' दिसला! माझा ओढा, माझं आभाळ, माझ्या मेंढ्या! मला भरून आलं. खरंच आलं, उगाच लिहीत नाही. खुद्द कंडक्टर माझा गेम खेळतो आणि त्याचं तिकिटाकडे लक्ष नाही!

मग नीट बघितलं. मेंढ्या पाण्यात उतरत होत्या. आणि सगळ्यात पुढे, दाढी हलवत, एक काळी शेळी.

मी माझ्या थांब्याच्या आधीच उतरलो. खजुरी तिथून तीन किलोमीटर होती.

१८ नोव्हेंबर

सगळीकडे शेळी!

चहाच्या टपरीवर शेळी. सोसायटीच्या रांगेत शेळी. निंबर्ग्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या शिवम्माच्या हातात शेळी, आणि ती वांगी तोलायची सोडून ओढा ओलांडते आहे. हा गेम ब्लूटूथने एकाकडून दुसऱ्याकडे जातो, त्यामुळे रत्नपालकडेही कोणी येत नाही. ऐकतो की त्यात रानवीर फक्त नऊ वाक्यं बोलतो. मराठीत नऊ, कानडीत नऊ. पहिलंच वाक्य आहे, 'पाच दाबा'.

माझ्या २१२ ओळी कापून नऊ! हा माणूस चोर नाही, खाटीक आहे.

रत्नपाल म्हणाला, "भीमण्णा, एकदा उघडून तर बघ. पयल्या पानावरचं नाव तर वाच." आणि स्वतःचा मोबाइल माझ्यासमोर धरला. मी डोळे मिटून घेतले. चोरीचा माल मी बघतही नाही. चोराचं नाव वाचून त्याला मोठेपणा देण्याची माझी इच्छा नाही.

२१ नोव्हेंबर

ठाण्यात तक्रार द्यायला गेलो. हवालदार कानडीत म्हणाले, "एनु कळुवागिदे?" काय चोरीला गेलं? मी म्हटलं, शेळीचं प्रकरण आहे. त्यांनी लगेच कागद पुढे ओढला. रंग विचारला. काळा. कानाला खूण? नाही. कुठून गेली? मी म्हटलं, गेली नाही साहेब, आली. माझ्या कळपात शेळी नव्हती, कोणीतरी आणून घातली.

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत शेळी वाढल्याची तक्रार पहिल्यांदा आली म्हणाले. पाणी दिलं. घरी कोण कोण असतं विचारलं.

यंत्रणा अजून या गुन्ह्यासाठी तयार नाही.

२४ नोव्हेंबर

रात्रंदिवस विचार करून निर्णय घेतला. 'सरहद्द समाचार' साप्ताहिकात जाहीर खुलासा देणार. मजकूर रूपालाच सांगितला. ती टाइप करता करता दोनदा थांबली. म्हणाली, "अहो, एक सांगू का?" मी म्हटलं, आधी मजकूर पुरा कर, लय तुटते. पुरा झाल्यावर परत म्हणाली, "हे छापू नका. मानसं नाव घ्यायलेत, घिऊ द्या की." कोणाचं नाव घेत आहेत, त्या चोराचं? मी तिला सांगितलं, की कायद्याची भीती वाटणं साहजिक आहे, पण मी पाठीशी आहे.

तिने प्रिंट काढून दिली. रात्री स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात वाजली.

५ डिसेंबर

छापून आला! पान तीन, पंपसेटच्या जाहिरातीशेजारी. जसाच्या तसा उतरवतो:

'जाहीर खुलासा. मी, भीमाशंकर लिंगाप्पा, राहणार खजुरी, याद्वारे सर्वांस कळवतो की सध्या सर्वत्र चालू असलेल्या शेळीवाल्या गेमशी माझा काडीचाही संबंध नाही, नव्हता व राहणार नाही. त्याचे श्रेय वा दोष, नफा वा तोटा, मला कदापि लागू नाही. माझ्या गेममध्ये शेळी नाही.'

शेवटचं वाक्य वाचताना अंगावर काटा आला. दहा प्रती घेतल्या.

९ डिसेंबर. दुपारी ३.

हैदराबादहून फोन. एका मोबाइल कंपनीचा माणूस. स्वस्तातल्या हँडसेटमध्ये गेम आधीपासून भरून देतात म्हणे. माझा नंबर रत्नपालकडून मिळाला. विचारलं, "भाईसाब, वो बकरीवाला गेम आपकाच है ना? हमारे यां सबको भोत पसंद आया."

मी एक क्षणही घेतला नाही. स्पष्ट सांगितलं, नाही. त्या बकरीशी माझा काही संबंध नाही. हवं असेल तर मूळ गेम आहे, बिनबकरीचा, २१२ संवादांचा. तो म्हणाला, "नक्को भाई, बकरीवालाच होना." फोन ठेवला.

मोहाचा क्षण येतो तेव्हाच माणूस कळतो. स्वतःचा अभिमान वाटला. रूपाला मुद्दाम दुकानात फोन करून सांगितलं. तिने फोनच ठेवून दिला. दुकानात सगळ्यांना सांगायची घाई झाली असणार.

१७ डिसेंबर

वारं फिरलं!

हल्ली लोक वाटेत अप्पांना थांबवतात. "लिंगाप्पा, पोरानं नाव काढलं बग." काल खुद्द कडगंचीहून कोणी जगदेवप्पा नावाचे शंभर मेंढ्यांचे मालक अप्पांना शेंगाचटणी देऊन गेले. 'रानवीर'ची, म्हणजे मूळ 'रानवीर'ची कीर्ती उशिरा का होईना पसरते आहे. माझ्या खुलाशामुळे लोकांना खरं-खोटं कळलं. रत्नपालकडच्या आकड्यात अजून फरक नाही (निव्वळ सहा, एक आणखी परत आला), पण आकडे नेहमीच मागून येतात.

२१ डिसेंबर

अप्पांनी आळंदच्या व्यापाऱ्याला कळप दाखवला. येळामावस्येनंतर घेऊन जायचं ठरलं. व्यापारी गेल्यावर अप्पा जेवले नाहीत. रूपाने दोनदा ताट वाढलं. म्हणाले, "भूक न्हाई." मग गोठ्यात जाऊन बसले. एक लंगडी मेंढी आहे, तिचं पाऊल मांडीवर घेऊन बसले होते.

क्षणभर वाटलं, नको विकूया. पण अप्पांनी शब्द दिला आहे. त्यांचा शब्द मोडायला लावणं म्हणजे त्यांचा अपमान. मी अप्पांचा अपमान होऊ देणार नाही.

२७ डिसेंबर, येळामावस्या. संध्याकाळी ५.

सगळं एकदम घडलं. तरी क्रमाने लिहितो.

सकाळी सगळे शेतात. कडब्याच्या खोपीत पाच दगडांचे पाच पांडव मांडले, पूजा झाली. पालेभाज्या-शेंगांची घट्ट भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, आंबिलीचं मडकं. सिद्धप्पामामा, निंबर्ग्याचे ते तीन मेंढपाळ, रत्नपाल आणि त्याची बायको प्रेरणा, सगळे आमच्याच शेतात जेवायला. माणसं गोल करून मोबाइलवर खेळत होती. ओढ्यावर आले की सगळे मिळून 'हुर्रर्र' करायचे, शेळीला. मी तिकडे पाठ करून बसलो. आजच्या दिवशी मन मोठं ठेवायचं ठरवलं होतं.

मग अप्पा उठले. सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरा, जितलास तू. समद्या मुलखाला खेळ आवडला. मीबी खेळलो, दोनदा पुरा केला. मी शब्द दिल्ता. कळप इकतो."

लोकांनी मोबाइल खाली ठेवले. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर पाया पडून गप्प बसला असता. पण मी ताडकन उभा राहिलो. म्हटलं, अप्पा, तुमची फसवणूक झाली आहे. तुम्ही पुरा केला तो चोराचा गेम. उसन्या यशावर मी कळप घेणार नाही, मला माझ्या गेमचं यश हवं. आणि खिशातून 'सरहद्द समाचार' काढला. खुलासा खड्या आवाजात वाचला. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. 'नव्हता व राहणार नाही' इथे जरा थांबलो, परिणामासाठी.

टाळी पडली नाही. रत्नपालने कपाळाला हात लावला.

सिद्धप्पामामांनी त्यांचा मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. या वेळी डोळे मिटायला उशीर झाला. पहिल्या पानावर काळी शेळी. तिच्या खाली मोठ्या अक्षरांत, 'कथा, चित्रं, सर्व काही: भीमाशंकर लिंगाप्पा, खजुरी'.

मी म्हटलं, माझ्या नावाचा गैरवापर! कोणाचं काम आहे हे? मागून रूपाचा आवाज आला, "माजं."

ती उंड्यांची परात घेऊन उभी होती. म्हणाली, "पुढच्या मेंढराचं चित्र काढून टाकलं आन् तिथं शेळीचं घातलं. बडबड कापली, ऱ्हायलेली कानडीतबी घातली. दुसरं कायबी केलं न्हाई. मेंढरं पयल्यापासून उतरायचीच, मानसंच बटन दाबत नव्हती. नाव तुमचंच ठिवलं. सांगायला आले तर तुमी ऐकतच नव्हता." आणि मग हळू म्हणाली, "तुमचं नाव व्हावं वाटलं."

मग मी म्हटलं, (हे लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू) मी म्हटलं, म्हणजे गेम माझाच! अप्पा, ऐकलंत का, माझाच आहे!

अप्पांनी माझ्या हातातलं साप्ताहिक घेतलं. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी ते प्रेरणाला दिलं आणि म्हणाले, "अक्का, ह्यात काय लिव्हलंय ते परत एकदा सांग." तिने वाचलं. 'संबंध नाही, नव्हता व राहणार नाही.' अप्पांनी विचारलं, "छापलंय न्हवं?" ती म्हणाली, "व्हय, छापलंय." "ह्याचंच नाव हाय न्हवं खाली?" "ह्येंचंच हाय."

अप्पांनी कागदाची चार घड्यांची घडी घातली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. म्हणाले, "मग बास. लिहून दिलेलं मोडत न्हाईत."

आणि हसले. माझ्या लग्नात अप्पा एवढे हसले नव्हते. तीन उंडे खाल्ले, वर आंबील मागितली. व्यापाऱ्याला नको म्हणून निरोप द्यायला तिथूनच फोन लावायला सांगितला, तोही माझ्याच मोबाइलवरून.

एवढा आनंद मी त्यांना पहिल्यांदाच दिला.

२९ डिसेंबर. दुपारी ४. रूपाच्या दुकानात.

काल पाचला उठलो. संकल्पामुळे नव्हे, अप्पांनी काठी टोचली म्हणून. दिवसभर मेंढ्यांमागे. पायाला चार फोड.

आज दुपारपुरती सुटी मागून आळंदला आलो. रूपाने हैदराबादच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "हम तो पूछे थे बेहेनजी, भाईसाबच बोले मेरा नईं." त्यांनी दुसरा गेम घेतला, कबड्डीचा. नवीन काही केलं तर पाठवा म्हणाला. रूपाने त्याचा पत्ता लिहून घेतला. मी बघत होतो. तिने मला काही विचारलं नाही आणि मीही सल्ला दिला नाही.

मग 'सरहद्द समाचार'मध्ये गेलो. संपादक म्हणाले, खुलाशाचा खुलासा छापता येईल, पण काय चुकलं ते स्पष्ट लिहून आणा, लोकांना कळायला हवं.

म्हणून इथे बसलो आहे. गिऱ्हाइकांच्या दोन लग्नपत्रिका बाजूला ठेवून रूपा की-बोर्डवर हात ठेवून थांबली आहे. "तुमी सांगा, मी टाइप करते," म्हणाली. याला आता तास होत आला.

आतापर्यंतचा मजकूर: 'जाहीर खुलासा. मी, भीमाशंकर लिंगाप्पा, राहणार खजुरी,'

स्वल्पविरामाच्या पुढे जाता येत नाही. रूपाला विचारलं, पुढे काय लिहू? ती म्हणाली, घाई न्हाई, सावकाश सांगा, पर ह्या बारीला तुमीच सांगा.